सँ-त्रोपेस जावे कैसे, तेथे राहावे कैसे

सँ-त्रोपेला जायचं ठरवलंत, उत्तम केलंत. युरोप पाहून आलेले नातेवाईक आता घरोघरी झाले आहेत. त्यांच्या आल्प्समधल्या बर्फाच्या फोटोंना सोसायटीच्या ग्रुपवर कुणी अंगठासुद्धा दाखवत नाही. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या या गावाचं तसं नाही. तिथून परतलेल्या माणसाला ‘काय पाहिलंत?’ असं कुणी विचारत नाही, ‘कोण दिसलं?’ असं विचारतात. तेव्हा तयारी त्याच बेताने करावी लागते.

पहिला प्रश्न पोहोचायचा. गावाला रेल्वे नाही. गाडी तुम्हाला सँ-राफाएलला सोडते आणि हात झटकते. सँ-त्रोपेचं नाव लावणारा एक विमानतळ आहे, पण तो ला मोल नावाच्या दुसऱ्याच गावात आहे आणि तिथे उतरणारी विमानं तिकीट काढून बसायची नसतात. उरला रस्ता. गाव द्वीपकल्पाच्या टोकाला, त्यामुळे शेवटच्या टप्प्याला रस्ता म्हणावा तर एकच. ला फूच्या चौकापासून बंदरापर्यंत जेमतेम पाच किलोमीटर, पण जुलै-ऑगस्टमध्ये तेवढ्याला तास-दीड तास सहज जातो. घोडबंदर रोडवर उमेद घालवलेल्या माणसाला यात नवं काही वाटणार नाही. तरीही पुढे लाल फेरारी, मागे काळी बेंटली आणि मध्ये तुमची भाड्याची क्लिओ अशी रांग लागली, की काच खाली करून बघा. तिघांचाही वेग सारखाच असतो. फ्रेंच राज्यक्रांतीतल्या समतेचा एवढा रोकडा पुरावा दुसरीकडे मिळत नाही.

समोरच्या सँत-माक्सिमहून एक बोट पाव तासात थेट बंदरात आणून सोडते, असं कुणी सांगेल. ऐकू नका. तिच्यात शाळेची मुलं, भाजीच्या पिशव्या आणि कामावर निघालेली माणसं असतात. शिवाय ती वेळेवर पोहोचते. मग जेवायला बसल्यावर ट्रॅफिकवर काय बोलणार?

पोहोचलात, की गावाच्या मूळ पुरुषाला नमस्कार करा. हा संत तोर्पेस, नीरोच्या दरबारातला माणूस. ख्रिस्ती झाला म्हणून पिसा शहरात त्याचं शिर उडवलं, धड एका मोडक्या नावेत घातलं आणि प्रेताचा फडशा पाडतील म्हणून सोबत एक कुत्रा नि एक कोंबडा सोडला. नाव वाहत वाहत या किनाऱ्याला लागली तेव्हा धड जसंच्या तसं होतं. दोघांनी पाहुण्याचा लचका तोडला नव्हता. या किनाऱ्यावर असा प्रकार पुन्हा घडल्याची नोंद नाही. कुत्रा पुढे शेजारच्या ग्रिमो गावाकडे गेला, कोंबडा कोगोलँ गावाकडे, असं आख्यायिका सांगते. धंद्यात आपला टिकाव लागणार नाही हे त्यांना तेव्हाच कळलं असावं. दरवर्षी १६ ते १८ मे या दिवसांत गावकरी जुने गणवेश चढवून, बंदुकांचे बार काढत, संताच्या अर्धपुतळ्याची मिरवणूक काढतात. हा त्यांचा स्वतःचा उत्सव आहे आणि तो पाहुण्यांसाठी नाही, हे ते लपवत नाहीत. म्हणून मेमध्ये जाऊच नका. तुमच्याकडे कुणी लक्ष देणार नाही.

बंदरावर सेनेकिए नावाचं कॅफे आहे. लाल खुर्च्या, लाल टेबलं. तिथे बसा. कॉफीचे पैसे कॉफीचे नसून खुर्चीच्या रोखाचे आहेत हे मनाशी पक्कं केलं की बिल कमी लागतं. समोर प्रचंड यॉट धक्क्याला पाठ लावून उभ्या असतात. आत राहणारी मंडळी मागच्या डेकवर, म्हणजे थेट रस्त्याच्या तोंडावर, जेवायला बसतात आणि रस्त्यावरची मंडळी त्यांचं ताट बघत उभी राहतात. समुद्र पलीकडच्या बाजूला असतो. त्याच्याकडे दोन्ही पक्षांची पाठ. यॉटच्या मागे गावाचं नाव लिहिलेलं असतं, कुणाचं जॉर्जटाउन, कुणाचं व्हॅलेटा. बोट त्या गावी कधी गेलेलीच नसेल, पण कागद तिथले आणि कराचा दरही तिथला. पाठीमागची ती रंगीत, जुनी, फोटोत फार गोड दिसणारी घरंही जरा जपून वाखाणा. ऑगस्ट १९४४मध्ये जाता जाता जर्मनांनी बंदर सुरुंग लावून उडवलं होतं. आज दिसतं ते बरंचसं युद्धानंतर जुन्या वळणावर पुन्हा बांधलेलं आहे. तुम्ही ज्याला शतकांचा वारसा म्हणताय, तो कदाचित तुमच्या आजोबांपेक्षा लहान असेल.

आता समुद्रकिनारा. सँ-त्रोपेचा जगप्रसिद्ध किनारा म्हणजे पांपलोन, आणि तो सँ-त्रोपेत नाही. तो शेजारच्या रामातुएल गावच्या हद्दीत आहे. रामातुएल टेकडीवर गप्प बसून असतं. याबाबतीत तुम्हीही गप्प बसा, कारण एकदा हा धागा ओढायला लागलात की फार काही शिल्लक राहत नाही. या किनाऱ्यावरचं सगळ्यात नामांकित हॉटेल घ्या. १९५५ साली सिनेमा दिग्दर्शक रोजे व्हादिम इथे नटी ब्रिजित बार्दोला घेऊन चित्रीकरण करत होता. वाळूत द कोल्माँ कुटुंबाची साधी झोपडीवजा वस्ती होती. चित्रीकरणाच्या मंडळींना ती खानावळ वाटली, आणि घरच्या बाईंनी आलेल्यांना परत न पाठवता रांधून वाढलं. झालं, त्याचंच पुढे ‘क्लब ५५’ झालं. आज अब्जाधीश तिथे जागा मिळावी म्हणून आधीपासून फोन लावतात. गैरसमजातून खानावळ निघाली हे नवल नाही, अशा खानावळी आपल्याकडेही निघतात. गैरसमज इतकी वर्षं कुणी दूर केला नाही, यातलं कसब मानायला हवं. सँ-त्रोपेची प्रसिद्ध मिठाई, तार्त त्रोपेझियेन, हीसुद्धा तशीच. साखरेचे दाणे लावलेला मऊ ब्रिओश पाव आणि मध्ये भरपूर क्रीम. आलेक्सांद्र मिका नावाच्या पोलंडहून आलेल्या बेकरीवाल्याने ती केली आणि नाव सुचवलं बार्दोने. ती खरोखर चांगली लागते. क्षमा करा, हे लेखाच्या सुरात बसत नाही, पण खोटं कसं लिहू?

पांपलोनवर आरक्षणाशिवाय जाऊ नका. १५ ऑगस्ट १९४४च्या सकाळी अमेरिकी सैन्य असंच न कळवता तिथे उतरलं होतं. फोन न करता येऊन ज्यांना पहिल्या रांगेत जागा मिळाली, असे बहुधा ते शेवटचेच. तुम्हाला गादी, छत्री, लहान टेबल आणि गुंडाळलेला टॉवेल यांचं दिवसाचं भाडं भरायचं आहे. पहिली रांग महाग, मागची त्याहून कमी महाग. इथे एक नाजूक गोष्ट कानात सांगतो. फ्रान्समध्ये समुद्रकिनारा सार्वजनिक आहे. नैसर्गिक किनाऱ्याचा किमान ८० टक्के भाग मोकळा ठेवावा लागतो, गाद्यावाल्यांना मिळतो तो उरलेला तुकडा, तोही मुदतीच्या परवान्यावर. पांपलोनवर तर २०१९पासून वाळूच्या टेकड्या राखण्यासाठी पक्की बांधकामं हटवून मोसम संपताच उचलता येतील अशी लाकडी बांधकामं आणली गेली. म्हणजे तुमच्या गादीपासून चार पावलांवर कुणीतरी घरून आणलेली चटई टाकून, तेच ऊन खात, त्याच पाण्यात डुंबत असणार आणि त्याचं बिल शून्य असणार. तिकडे बघू नका. बघितलंत तर दिवस नासेल.

जेवण हा तर मुख्य विधी. आत शिरताच आधी ‘बाँझूर’ म्हणा. ते न म्हणता टेबल मागणाऱ्याला फ्रान्समध्ये साधा भटारखानाही उभं करत नाही. रोझे वाइन मागवा. तिच्यात बर्फ टाकलात तरी कुणी हसणार नाही, इथे ती रीतच आहे. मग खर्चाकडे वळा. हळू हाताने नको. २०२३च्या उन्हाळ्यात स्थानिक वर्तमानपत्राने छापलं होतं, की काही रेस्तराँ गिऱ्हाइकाने मागल्या वेळी किती पैसे सोडले याची नोंद ठेवतात आणि हात आखडणाऱ्याला पुढच्या वेळी ‘सगळं भरलंय’ असं सांगतात. एका श्रीमंत इटालियन गृहस्थांनी ५०० युरो बक्षिशी ठेवली, ती कमी पडली म्हणून वेटर त्यांच्या मागे गाडीपर्यंत गेला, असंही त्यात आलं होतं. महापौर सिल्वी सिरी जाहीरपणे संतापल्या. मला विचाराल तर संतापण्यासारखं काय आहे त्यात? आपल्याकडे लग्नात कुणी किती आहेर केला याची वही असते, ती बघूनच पुढचा आहेर ठरतो आणि त्या वहीवर आजवर कुठल्याही महापौराने तोंड उघडलेलं नाही.

तेव्हा बक्षिशी सढळ ठेवा. फ्रान्समध्ये सेवेचे पैसे कायद्याने पदार्थाच्या किमतीतच धरलेले असतात आणि वर काही ठेवणं ऐच्छिक असतं, ही माहिती असलीच तर विसरा. मात्र वेटरला ‘राहता कुठे?’ असं विचारू नका. मोसमापुरत्या आलेल्या कामगारांना या गावात खोली परवडत नाही. आखाताच्या पलीकडे, कोगोलँच्या बाजूला, कुठे एका खोलीत चौघे, कुठे कॅम्पिंगच्या फिरत्या घरात, अशी सोय असते. रात्री तुमचा शेवटचा ग्लास उचलल्यावर तोही त्याच एका रस्त्याने निघतो. या उत्तराने माशाची चव बदलते. म्हणून विचारू नका म्हटलं.

गावात काही धोक्याच्या जागाही आहेत. मंगळवारी आणि शनिवारी सकाळी प्लास दे लिस या चौकात बाजार भरतो. झाडांच्या सावलीत म्हातारे पेतांकचे लोखंडी गोळे टाकत बसतात. तिथे चीज, ऑलिव्ह, पीच असलं काहीबाही मिळतं आणि पाहायला पैसे पडत नाहीत. बंदरालगत एका जुन्या चॅपेलात आनोंसियाद नावाचं चित्रसंग्रहालय आहे. चित्रकार पॉल सिन्याक १८९२ साली शिडाच्या बोटीतून इथे आला, तेव्हा हे मासेमारांचं खेडं होतं. त्याने इथेच घर घेतलं, १९०४च्या उन्हाळ्यात आन्री मातीस या चित्रकाराला बोलावलं, आणि आधुनिक चित्रकलेतले बरेच रंग इथल्या उन्हात उजळले. ती चित्रं त्या भिंतींवर आहेत आणि ऑगस्टच्या भर दुपारीही तिथे निवांत उभं राहता येतं. गर्दी नाही म्हणजे तिथे जाण्यात अर्थ नाही, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

सगळ्यात घातक जागा म्हणजे किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी पायवाट. १९७६च्या एका कायद्याने समुद्रकाठच्या खाजगी जमिनीतूनही तीन मीटर रुंदीची वाट चालणाऱ्यांसाठी मोकळी ठेवायला लावली आहे. त्यामुळे ज्या बंगल्यांची फाटकं रस्त्याच्या बाजूने तुम्हाला कधी उघडणार नाहीत, त्यांच्या समुद्राकडच्या अंगाने तुम्ही पायात साध्या चपला घालून, दाणे खात जाऊ शकता. बार्दोने १९५८ साली घेतलेलं ला माद्राग घरही त्याच बाजूला आहे. पाइनची झाडं, खडक, खाली हिरवं-निळं पाणी. एकदा गेलात तर गादीचं भाडं द्यायला हात उचलत नाही, म्हणून ही वाट टाळलेली बरी.

‘आम्हा भारतीयांचं इथे काय?’ असा प्रश्न कुणी केलाच, तर मान ताठ ठेवा. जनरल आलार याच गावचा. नेपोलियन हरल्यावर तो लाहोरला गेला, रणजितसिंहांचं घोडदळ युरोपी पद्धतीने तयार केलं आणि चंब्याच्या बन्नू पान देईशी लग्न केलं. १८३५ साली तो बायकामुलांना घेऊन आला, तिच्यासाठी घर बांधलं, आणि दरबारच्या ओढीने एकटाच परत गेला. १८३९ साली पेशावरला वारला. ती मात्र १८८४पर्यंत इथेच राहिली. त्या घराचं आता तिच्याच नावाचं आलिशान हॉटेल झालं आहे. नवऱ्याची वाट बघायला बांधलेल्या खोल्या रात्रीच्या हिशेबाने भाड्याने मिळतात. जेवताना ही गोष्ट सांगा, लोक ऐकतात. हॉटेलचा दर विचारू नका, गोष्ट तिथेच संपते.

राहायलाच यायचा विचार असेल, तर आधी दीर्घ मुदतीचा व्हिजिटर व्हिसा काढा. त्यासाठी ‘मी फ्रान्समध्ये काहीही काम करणार नाही’ असं लिहून द्यावं लागतं. या गावी ही अट नसून पात्रता मानली जाते. मग घर. समुद्र दिसणारी, शांत, शेजाऱ्यांचा त्रास नसलेली सर्वांत चांगली जागा किल्ल्याखालचं दर्यावर्दी कब्रस्तान आहे, लाटा अगदी भिंतीशी येतात, पण ताबा मिळायला वेळ लागतो. तोवर टेकडीवरचा बंगला बघा. बायका-मुलांना आधीच सांगून ठेवा, की गावाची खरी वस्ती चार हजारांच्या आसपास आहे आणि बरीचशी घरं वर्षभर झडपा ओढून मालकाची वाट बघत असतात. नोव्हेंबरपासून मोठी हॉटेलं, क्लब, निम्मी दुकानं बंद. मिस्त्रल वारा सुटला की या उत्तरेला तोंड केलेल्या बंदरात सरळ घुसतो आणि दिवसेंदिवस थांबत नाही. जानेवारीत तुमच्याकडे बघायला कुणीच नसतं. हप्ते मात्र जानेवारीचेही असतात.

दोन हिवाळे काढलेत की तुम्हीही गावकरी. मग गावकऱ्याचं मुख्य काम सुरू करा: तक्रार. विषय तयारच आहे. उन्हाळाभर नीस आणि मोनाकोहून येणाऱ्या हेलिकॉप्टरांनी द्वीपकल्पाचं डोकं उठवलेलं असतं. नगरपालिकेला पत्र लिहा, सभेला जा, मूळच्या माणसांना आता गावात जगणं कसं अशक्य झालंय ते भरल्या गळ्याने सांगा. तुमचं स्वतःचं हेलिकॉप्टर असेल तर ते ग्रिमोत नाहीतर गासँला उतरवा. तिथेही लोक राहतात, पण ते तुमच्या सभेला येत नाहीत.