राजीखुशीने आणि अक्कलहुशारीने

आमच्या घरात मरणावर बोलायची परवानगी फक्त विमा एजंटला आहे. मी 'मृत्युपत्र' हा शब्द संध्याकाळी काढला की आमचे हे म्हणतात, "तिन्हीसांजेला काय अभद्र बोलतेस?" सकाळी काढला तर, "सकाळी सकाळी?" दुपारी ते झोपलेले असतात. शेवटी मीच जाहीर केलं की तुम्ही तुमचं सावकाश करा, माझं मी करून टाकते. पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून जे जमवलंय त्याचं काय करायचं, हे निदान सुवाच्य अक्षरात लिहून ठेवावं.

"पण सगळीकडे नॉमिनी लावलेत की!" हे म्हणाले.

नॉमिनी हे आमच्या ह्यांचं दैवत. एकदा नॉमिनीचा रकाना भरला की माणूस मरायला मोकळा, अशी त्यांची श्रद्धा. नॉमिनी म्हणजे फक्त पैसे ताब्यात घेणारा, मालक ठरतात ते वारस किंवा मृत्युपत्रात ज्याचं नाव असेल तो, हे त्यांना सांगून पटेना. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2023 मध्ये शेअर्सच्या बाबतीतही हेच सांगितलं, असं कात्रण दाखवलं तेव्हा ते जरा नरमले. मग बँकेतून नवीच बातमी घेऊन आले. 1 नोव्हेंबर 2025 पासून खात्याला चार नॉमिनी लावता येतात म्हणे. म्हटलं बरं झालं, खांदा द्यायलाही तेवढेच लागतात. त्यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्या शांततेत मी बराचसा कायदा वाचून काढला.

काय काय निघालं त्यातून! 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बाई मृत्युपत्र न करता गेली तर तिचं सगळं आधी नवऱ्याला आणि मुलांना. हे ठीक. पण ती कोणीच नसतील, तर तिने स्वतःच्या पगारातून घेतलेलं गंठणसुद्धा नवऱ्याच्या वारसांकडे जातं. तिचे आईवडील त्यांच्यानंतर. माझ्या एका मैत्रिणीला मूलबाळ नाही, यजमान गेले, आई मात्र नव्वदीत खणखणीत आहे. हे वाचल्यावर धाकट्या दिराची मूर्ती तिच्या डोळ्यांसमोर आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिने वकील गाठला. एरवी ती गॅसचा नंबर लावायला आठवडा घेते.

माझ्या माहेरच्या जमिनीची भानगड तर कधीच मिटली आहे. 2005 साली कायद्याने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला, आणि लवकरच एका भाऊबीजेला साडीच्या घडीखालून हक्कसोडपत्र निघालं. सही केली, सगळे मिळून निबंधकाच्या कचेरीत जाऊन आलो, येताना वहिनीने भडंगाचा मोठा पुडा दिला. त्या साडीत गुंठ्याला काय भाव पडला याचा हिशेब मी काढत नाही. भाऊ रोज फोन करतो, त्याची किंमत कशी धरायची?

तर, यादी. वकील म्हणाले, आधी यादी करा. सोपं वाटलं. कोथरूडचा फ्लॅट दोघांच्या नावावर, त्यातला माझा अर्धा हिस्सा आधी ह्यांना, मग मुलगा आणि लेक दोघांना सारखा. एका वाक्यात कोटीच्या गोष्टी संपल्या. ठेवी, सोनं, पुढच्या दोन वाक्यांत. मग मी उत्साहाने घरातल्या वस्तूंकडे वळले आणि तिथे कळलं की आपण जे आयुष्यभर पुसून ठेवलं ते कोणालाच नकोय.

मुलगा बंगळुरूत. त्याला विचारलं, तांब्याचं घंगाळ ठेवू का तुझ्या नावाने? "आई, त्यात करायचं काय?" लेकीला विचारलं, शोकेस? ती इतकी हसली की जावयांनी फोन घेऊन काय झालं म्हणून विचारलं. बोन चायनाचा सेट, जो मी चांगले पाहुणे येतील म्हणून कधी वापरलाच नाही, तो दोघांनीही एकमेकांना उदार मनाने देऊन टाकला. शिसवी पाट, दिवाळी अंकांचे गठ्ठे, ह्यांचा टेपरेकॉर्डर, सगळ्यांची तीच गत. वारसांची भांडणं कोर्टात वर्षानुवर्षं चालतात असं ऐकून होते. माझ्याकडे भांडायला यावं असं काही नाही, हा अपमान मी गिळत होते.

आणि मग बिडाचा तवा आला.

हा माझ्या सासूबाईंचा. त्यांच्याही आधी त्यांच्या सासूबाईंचा असावा. गुहागरकडच्या घरातून आला तेव्हापासूनच त्याचा एक कान तुटलेला आहे. मधोमध किंचित खोल, वर तेल पिऊन पिऊन आलेली काळी चकाकी. त्यावर घावन सुटतं कसं म्हणाल, तर उलथनं नुसतं दाखवायचं. साबण त्याला कधी लागलेला नाही. नव्या कामवाल्या बाईंनी एकदा तारेची घासणी उचलली होती, तेव्हा मी वर्गात कधी ओरडले नसेन तेवढी ओरडले. लेक म्हणाली, "बाकी काही नको, तवा मला." तासाभरात सूनबाईंचा फोन. "आई, सहजच विचारते हं. तो तवा..." तिला आंबोळ्या मीच शिकवल्यात, त्याच तव्यावर. झाली ना पंचाईत?

खूप विचार करून मी तवा लेकीला लिहिला आणि सुनेला माझ्या पाटल्या. पाटल्या म्हणजे आजच्या भावाने विचारू नका. पण तवा तो तवा.

वकिलांचा मसुदा आला. पहिलंच वाक्य सव्वा पानाचं, मध्ये श्वास घ्यायलासुद्धा जागा नाही. 'मी खाली सही करणार, राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता मृत्युपत्र लिहून ठेवते ऐसा जे की...' लाल पेन आपोआप हातात आला. ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करत दुसऱ्या पानावर गेले तर तिथे 'माझे पती हयात नसून' असं लिहिलेलं. हयात नसलेले शेजारी बसून चहात खारी बुडवत होते. त्यांनीही ते वाचलं. "आधीच्या पक्षकाराचं राहून गेलं वाटतं," वकील फोनवर शांतपणे म्हणाले. तव्याबद्दल मात्र ते काटेकोर. वस्तू ओळखू यायला हवी, वर्णन करा. मी लिहिलं, 'डावा कान तुटलेला'. ते म्हणाले, "बाई, गोल तव्याला डावं-उजवं कसं ठरवणार?" 'एक कान तुटलेला' यावर तडजोड झाली.

कायद्याने तसं फार काही लागत नाही. मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो, नोंदणीही सक्तीची नाही. पण पुढे कोणी शंका काढू नये म्हणून डॉक्टरांचा दाखला जोडावा म्हणाले. डॉक्टरांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. मी दोनपर्यंत उतरले आणि पुढे काय करू विचारलं. ह्यांना कोणी विचारलं नव्हतं, तरी ते बाजूला बसून ओठांत पुटपुटत होते, ते एकोणऐंशीला अडकले. त्यानंतर रस्ताभर मला सांगत होते की अशा परीक्षांना काही अर्थ नसतो.

राहिले साक्षीदार. दोन लागतात. मजकुरात काय आहे हे त्यांना कळायची गरज नाही, तुम्ही सही केलीत एवढंच त्यांनी बघायचं. वरच्या मजल्यावरचे काका आनंदाने तयार झाले, पण ते ब्याऐंशीचे. साक्षीदार आपल्यामागे उरायला हवा, हे त्यांच्या तोंडावर कसं सांगणार? शेवटी समोरच्या फ्लॅटमधली वहिनी आणि तिचा भाचा आले. मी वरचं पान पालथं घालून फक्त सहीची जागा उघडी ठेवली होती. वहिनी पेन शोधण्याच्या निमित्ताने इतकी वाकली की तिचा चष्मा पानावर पडला. उचलायला तिला बराच वेळ लागला.

दुय्यम निबंधक कार्यालयात, हौसेने नोंदणीला गेलो तेव्हा, फी 100 रुपये आणि अंगठा. तो अंगठा यंत्राला पटेना. खडू आणि भांडी यांनी माझ्या रेषा केव्हाच पुसून नेल्या होत्या. तिथला मुलगा म्हणाला, "आजी, जरा पदराला पुसून परत ठेवा." आजी म्हणाला म्हणून मी इतक्या जोरात दाबला की यंत्राने एकदम मान्य केलं. साहेबांनी विचारलं, राजीखुशीने करताय ना? म्हटलं, हो. एवढा वेळ लागला नसता तर आणखी खुशीने केलं असतं.

घरी येऊन चहा टाकते तोच सूनबाईंचा फोन. आवाज मधाळ. "आई, तवा ताईंना दिलात ना? छान झालं हो. मला काही नाही त्याचं." समोरची वहिनी आणि ती एकाच योगासनांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आहेत, हे मला तेव्हा कळलं.

मी वकिलांना फोन लावला. ते म्हणाले, पुरवणी करता येते, नवं मृत्युपत्रही करता येतं, कितीही वेळा करा, शेवटचं खरं. फी दर वेळची वेगळी. सुनेला तवा लिहिला तर लेक रुसणार.

ह्यांनी एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच या कामात लक्ष घातलं. काही न बोलता पिशवी घेऊन तुळशीबागेत गेले आणि नवाकोरा बिडाचा तवा घेऊन आले, तस्साच, त्याच मापाचा. आठवडाभर रोज त्याला तेल चोळून कांदा परततायत. काल दुपारी झोपायच्या वेळेला गॅलरीतून ठाक ठाक आवाज यायला लागला म्हणून बघायला गेले. मांडीवर तवा, हातात हातोडी.

"कुठला कान म्हणालीस?" त्यांनी विचारलं.