बी. रघुनाथांना 'उपेक्षित' म्हणणं आता थांबवूया

परवा ७ सप्टेंबरला कवी-कादंबरीकार बी. रघुनाथांच्या पुण्यतिथीच्या एका कार्यक्रमाला गेले होते. गाव कुठलं, संस्था कुठली ते लिहीत नाही, कारण माणसं चांगली होती, सतरंज्या स्वतः अंथरत होती, पावसापाण्याचं लोकं येतील का नाही म्हणून दारात उभी होती आणि मला कुणाला नावं ठेवायची नाहीत. पण दोन दिवस झाले डोक्यातून जाईना म्हणून लिहायलेय. पोस्ट मोठी होणार आहे, सवडीनं वाचा.

दीपप्रज्वलन झालं, फोटोला हार घातला, मग पाहुण्यांचे सत्कार, शाल, श्रीफळ, मग भाषणं. पाच जण बोलले. पाचही जणांच्या तोंडात एक शब्द सारखा येत होता, उपेक्षित. मराठवाड्याचा उपेक्षित लेखक, पुण्या-मुंबईनं उपेक्षा केली, समीक्षकांनी उपेक्षा केली, सरकारनं केली. साडेसहाला सुरू झालेलं साडेआठला आटोपलं आणि त्या दोन तासांत बी. रघुनाथांची एक ओळ, एकसुद्धा ओळ, कुणी वाचली नाही. टेबलावर त्यांचा फोटो होता, समई होती, पाण्याच्या बाटल्या होत्या. पुस्तक नव्हतं.

मला तिथंच उठून बोलावं वाटलं. बोलले नाही. आता बोलते.

हा माणूस १५ ऑगस्ट १९१३ ला सातोन्यात जन्मला आणि ७ सप्टेंबर १९५३ ला गेला. हिशोब करून बघा, चाळीस वर्षं पूर्ण झाली त्यावर फक्त तेवीस दिवस. एवढ्या आयुष्यात सात कादंबऱ्या, कथांची पुस्तकं, कविता, ललित लेख, सगळं धरून पंधराच्या आसपास पुस्तकं. पहिली कादंबरी 'ओ' १९३६ ची, म्हणजे तेव्हा वय तेवीसच्या आत-बाहेर. मधी १९४३ पासून तर चार वर्षांत चार कादंबऱ्या आहेत, 'हिरवे गुलाब', 'बाबू दडके', 'उत्पात', 'म्हणे लढाई संपली'. दरवर्षी एक! आणि 'आडगावचे चौधरी' ही कादंबरी आणि 'पुन्हा नभाच्या लाल कडा' हा कवितासंग्रह तर ते गेल्यावर आले, म्हणजे लिहिलेलं शिल्लक होतं आणि माणूस संपला होता. आणि हे सगळं नोकरी सांभाळून, निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात, परभणीत.

ही नोकरी सांभाळून वाली गोष्ट मला आमच्या आण्णांमुळं कळली. आण्णा परभणीत सरकारी हाफिसात क्लार्क होते, सगळी नोकरी आवक-जावक, खर्डे, टिपण्या यात गेली. संध्याकाळी घरी आले की अंगठ्याच्या बाजूच्या बोटावर, पेन टेकतो तिथं, एक निबर गाठ होती ती दुसऱ्या हातानं चोळत बसायचे. मी प्रगतिपुस्तक पुढं केलं की म्हणायचे, ठेव तिथं, सकाळी करतो सही, आता हात उचलंना. एक सही! त्यांनीच मला पहिल्यांदा बी. रघुनाथांचं नाव सांगितलं आणि काय सांगितलं तर, "आगं दिवसभर दुसऱ्याचं लिहून आल्यावर रात्री स्वतःचं लिहायला किती ताकद लागत असंल, ते ज्यानं नोकरी केली त्यालाच कळंल." आण्णा काही साहित्यिक नव्हते, वाचनालयातून पुस्तक आणायचे, वाचायचे, परत करायचे, बस्स. पण बी. रघुनाथांबद्दल इतकं नेमकं मी नंतर एकाही भाषणात ऐकलं नाही. आण्णांनी त्यांना कधी उपेक्षित म्हटलं नाही. आपल्यातला माणूस म्हणायचे.

आणि दिवस कसले होते ते पण बघायला पाहिजे ना. हैदराबाद संस्थान. कोर्ट-कचेरी उर्दूत, उस्मानिया विद्यापीठ १९१८ पासून उर्दू माध्यमाचं, सभा घ्यायची तर सरकारची परवानगी काढा. मराठी घरात बोलायची भाषा. तिच्यातून पोट भरत नव्हतं, मान मिळत नव्हता. त्यात एक तरणा पोरगा हैदराबादला शिकून मॅट्रिक होतो, परभणीत नोकरीला लागतो आणि मराठीत कादंबऱ्या लिहितो. पुढं १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान गेलं, पण मराठवाडा मुंबई राज्यात आला तो १ नोव्हेंबर १९५६ ला आणि महाराष्ट्र झाला १९६० ला. म्हणजे आपण ज्यांना महाराष्ट्राचे लेखक म्हणतो ते बी. रघुनाथ महाराष्ट्र नावाच्या राज्यात एक दिवससुद्धा राहिले नाहीत! हे माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी भाजी निवडत होते, हातातली जुडी तशीच राहिली.

आता सातोन्याचं. मी राहते सेलूत आणि शिकवते ती शाळा परतूरकडं, त्यामुळं जाता-येता रोज सातोना लागतं. परतूर, सातोना, सेलू, मानवत रोड, परभणी, ही आमची लाईन. पिवळी पाटी, मोजके बाक, झाडं आणि बाहेर काळी शिवारं. गाडीत शेजारी बसणाऱ्या बायकांना मी विचारलं होतं एकदा, इथं कोण जन्मलं माहितीये का, तर एकीनं सांगितलं माझी नणंद दिलीय इथं. बरोबरच आहे, तिला कुणी सांगितलंच नाही तर तिला कसं माहीत असणार. त्या पाटीवर बी. रघुनाथांच्या नावाची एक ओळ असती तर गाडी थांबते तेवढ्यात निदान वाचली तरी असती.

यात आणखी एक गुंता आहे. सातोना ज्यात येतं तो परतूर तालुका आधी परभणी जिल्ह्यात होता, १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला तेव्हा तिकडं गेला. तेव्हापासून जालन्याच्या लोकांना वाटतं बी. रघुनाथ परभणीचे, परभणी बघून घेईल. आणि परभणीवाले म्हणतात जन्मगावी काही करायचं तर ते जालन्याकडं येतं. परभणीनं आपल्या परीनं केलंय हे सांगितलंच पाहिजे, त्यांच्या नावाचं सभागृह आहे, त्यांच्या नावानं महोत्सव होतो, तिकडं संभाजीनगरला त्यांच्या नावाचा पुरस्कार देतात आणि तो मोठमोठ्या लेखकांना मिळालाय. हे चांगलंच आहे, कुणी कमी लेखू नये. पण सभागृहात लग्नाआधीची मेहंदी असो का पक्षाचा मेळावा, लोकं म्हणतात 'बी. रघुनाथला आहे कार्यक्रम'. नाव रोज तोंडात आहे. हजार वेळा नाव घेणाऱ्या माणसाच्या हातात एकदा तरी पुस्तक पडावं, माझं म्हणणं एवढंच आहे.

आणि उपेक्षित या शब्दावर माझा खरंच राग आहे. का, तर तो शब्द वापरला की आपलं काम संपतं. दोष पुण्या-मुंबईवर गेला, आपण हार घालून मोकळे. ७० वर्षांच्या वर झाली त्यांना जाऊन, अजून आपण सुतकातच बसलोय. आरं पण पुण्याच्या माणसानं नाही वाचलं तर नाही वाचलं, सेलूच्या, मानवतच्या, जिंतूरच्या माणसाला कुणी अडवलंय? लेखकाची उपेक्षा त्याच्या गावातच होत असते, आणि ती आपण करायलोत.

अडचण खरी आहे, पुस्तकं मिळत नाहीत. मी दोन वर्षं फिरतेय. दुकानात विचारलं तर म्हणतात मागवून देतो आणि फोन येत नाही. एका ठिकाणी कपाटात होतं पण कुलपाची किल्ली ज्यांच्याकडं ते रजेवर. शेवटी ओळखीच्या एका सरांकडून 'पुन्हा नभाच्या लाल कडा'ची झेरॉक्स मिळाली, कडेची अक्षरं अर्धी कापलेली. तरी आनंदानं आणली, पिवळ्या फाईलला लावून पर्समध्ये ठेवली.

काल तीच वर्गात नेली. सातवीचा वर्ग, पोरं सगळी आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरची. फळ्यावर फक्त नाव लिहिलं, पुन्हा नभाच्या लाल कडा. आणि विचारलं, काय दिसतंय? पहिली दोन मिनिटं कुणी बोलंना. मग एक पोरगं म्हणलं, "म्याडम, पुन्हा म्हन्जे सकाळच ना? संध्याकाळी लाल झालं तर मंग अंधार व्हतो." लगेच मागच्या बाकावरची एक पोरगी, कधी बोलत नाही ती, म्हणली, "आमी कापूस येचून येतोत ना म्याडम, तवाबी असंच ऱ्हातंय. लई येळ लाल ऱ्हातंय. मायच्या डोक्यावर गाठुडं असतंय, ती काय वर बगत न्हाई. मीच बगते." वर्ग गप्प झाला. मी पण. मग मी काही समजावून सांगितलं नाही, कविता वाचली, आणि मग पोरांनी म्हटलं परत वाचा, परत वाचली. 'नभ' शब्दावर अडखळली दोन-तीन पोरं, दुसऱ्या वेळेला अडखळली नाहीत. घंटा झाली तरी बसून होती.

सुट्टीत तो पहिला पोरगा आला आणि म्हणला, "म्याडम, हे खरंच आपल्या सातोन्याचे का? माझा मामा ऱ्हातो तिथं. मी मामाला इचारतो त्यांचं घर कुठंय."

घर आहे का, कुठं आहे, कोणत्या अवस्थेत आहे हा विषय मोठ्या माणसांनी हातात घ्यावा, स्मारक व्हावं, जरूर व्हावं, मी सही करायला पहिली उभी राहीन. पण स्मारकाची फाईल कुठल्या टेबलावर किती वर्षं थांबते हे आण्णांच्या घरात वाढलेल्या पोरीला नवीन नाही. तोवर जे उद्या सकाळी करता येतं ते करूया. बी. रघुनाथांचा जन्मच १५ ऑगस्टचा आहे, त्या दिवशी मराठवाड्यातल्या प्रत्येक शाळेत पोरं इस्त्रीचे कपडे घालून हजरच असतात. झेंडावंदन झाल्यावर, खाऊ वाटायच्या आधी, एका पोरानं त्यांची एक कविता म्हणायची. पाच मिनिटं. परवानगी लागत नाही, निधी लागत नाही, पाहुणा लागत नाही. यंदाचा १५ ऑगस्ट गेला. पण १७ सप्टेंबर समोर आहे, मुक्तिसंग्राम दिन, त्या दिवशीपण झेंडा असतोच. आमच्या हेडसरांना काल संध्याकाळीच विचारलं. ते म्हणले, "घ्या की म्याडम, पाच कशाला, दहा मिनिटं घ्या." कविता ती मागच्या बाकावरची पोरगी म्हणणार आहे. पाठ करायलीय. आज मधल्या सुट्टीत तिच्या वहीत मी माझ्या हातानं उतरवून दिली, कारण झेरॉक्सवरची कापलेली अक्षरं तिला लागत नव्हती.

बाकीच्या शिक्षकांनो, तुम्ही पण करा ना. जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, कुठलेही असा. कविता पाहिजे असेल तर मेसेज करा, मी लिहून फोटो पाठवते, अक्षर माझं बरं आहे.

आणि एक विनंती. 'आलाप आणि विलाप' कुणाच्या घरी आहे का? किंवा 'साकी', 'फकिराची कांबळी', कुठलंही जुनं पुस्तक, पानं सुटलेली असली तरी चालतील. आजोबांच्या ट्रंकेत, माळ्यावर, बंद पडलेल्या वाचनालयाच्या कपाटात एकदा बघा. मी स्वतः येऊन घेऊन जाईन, सेलूत झेरॉक्स काढीन आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं परत आणून देईन. माझी लाईन वर लिहिलीच आहे, परतूर ते परभणी कुठल्याही स्टेशनवर सांगा, उतरते.