24 चा झूम, 50 ची काच आणि त्या मेसेजातल्या बाकीच्या गोष्टी

कोल्हापुरात नेमबाजीचा नाद लागलेल्या पोरांच्या मोबाईलवर सध्या एक मेसेज फिरतोय, "छोट्या कॅलिबरच्या रायफलला स्कोप घेताय? आधी हे वाचा". दर दोन दिवसांनी कुणीतरी तोच मला पाठवतंय आणि खाली विचारतंय, दादा हे खरं हाय का. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच सगळं लिहितो, मुद्दे त्यांचे, उत्तरं माझी.

आधी मेसेजात काय म्हटलंय ते थोडक्यात (कॅलिबर म्हणजे गोळीची जाडी, स्कोप म्हणजे बंदुकीवर लावायची दुर्बीण). एक, झूम जितका जास्त तितका नेम पक्का, 6-24x50 (6 ते 24 पट झूम, पुढची काच 50 मिमी) च्या खाली काही घेऊ नका. दोन, 50 ची काच आणि 30 मिमीची ट्यूब, म्हणजे स्कोपची नळी, जास्त उजेड ओढते. तीन, छोट्या कॅलिबरला धक्काच नसतो, त्यामुळे कसलाही स्कोप टिकतो. चार, अंतराप्रमाणे चित्र जुळवायचा पॅरलॅक्सचा नॉब म्हणजे पैसे काढायचा धंदा. पाच, एकदा झिरो केलं, म्हणजे ठरावीक अंतरावर नेम आणि मार जुळवला, की बघायचं काम नाही. आणि शेवटी, असा सेट घेतला की रानातल्या उपद्रवी जनावरांचा बंदोबस्त घरबसल्या.

हे सगळं आलंय कुठून ते बघितलं की निम्मा घोळ तिथंच कळतो. अमेरिकेत प्रेअरी डॉग म्हणून एक प्राणी हाय, नावात डॉग असला तरी खारीच्या कुळातला, माळावर बिळं करून राहणारा. तिथले लोक टेबलावर सँडबॅग ठेवून, .223 रेमिंग्टन किंवा .22-250 सारख्या रायफलीनं, दोनशे-तीनशे यार्डांवरनं त्याला टिपतात. त्यांची गोळी सेकंदाला हजार मीटरच्या आसपास पळते आणि निशाण असतं छोटंसं. अशा माणसाला 6-24 चा स्कोप शोभतो, माझं काही म्हणणं नाही. पण तोच सल्ला उचलून 4.5 मिमीच्या एअरगनला आणि 50 मीटरवर चालणाऱ्या .22 रायफलला चिकटवला की गणित बिघडतं. कॅलिबर दोन्हीकडं छोटं हाय म्हणून काम एकच असतंय असं थोडंच हाय.

आता झूमचं. झूम नेम देत नाही, झूम दाखवतो. तुमचा हात जेवढा हलतो तेवढाच हलणार, 24 वर तो तुम्हाला चोवीस पट मोठा दिसणार, आणि मग नवीन पोरगं घाबरून क्रॉस (स्कोपातली नेमाची फुली) मध्यावर यायच्या क्षणी ट्रिगर खेचतं, तिथंच शॉट जातो. शिवाय दिसणारा भाग अरुंद होतो, 24 वर शंभर मीटरला जेमतेम दीड मीटर रुंदीचा तुकडा दिसतो, 4 वर तोच नऊ-दहा मीटर. शेजाऱ्याच्या टार्गेटवर गोळी घालणारी मंडळी रेंजवर दिसतात त्यात या प्रकाराचा मोठा वाटा असतोय. एप्रिल-मे मध्ये दुपारी माळावर गरम हवा लाटा मारायला लागली की 24 वरचं चित्र असं उकळतं की शेवटी झूम कमीच करावा लागतो.

आणि झूमशिवाय नेम नाही म्हणणाऱ्यांनी निदान कोल्हापुरात तरी हे बोलू नये. तेजस्विनी सावंत 2010 ला म्युनिकमध्ये 50 मीटर प्रोनमध्ये (पालथं झोपून मारायचा प्रकार) विश्वविजेती झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ऑलिंपिकचं ब्राँझ आणलं, 451.4 स्कोअर. दोघांच्या रायफलीवर स्कोप नाही. त्या प्रकारात टेलिस्कोप लावायला परवानगीच नसते, मागं बारीक भोकाचं पीप साइट आणि पुढं कडी, बस्स. 50 मीटरवरचं दहाचं वर्तुळ 10.4 मिमी, म्हणजे एक रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान, ते हे लोक शून्य झूमनं मारतात. स्कोप वापरू नका असं मी म्हणत नाही, मी स्वतः वापरतो. पण स्कोप घेतला की स्वप्नील होतो हा हिशेब डोक्यातनं काढा.

काचेचा आणि उजेडाचा मुद्दा अर्धा बरोबर हाय म्हणून जास्त फसवतो. मोठ्या काचेतनं जास्त उजेड आत येतो हे खरं, पण डोळ्यापर्यंत किती पोचतो ते झूमवर ठरतं. समोरच्या काचेचा व्यास भागिले झूम, जो आकडा येईल तेवढ्या मिलिमीटरचा उजेडाचा ठिपका मागनं बाहेर पडतो. 50 भागिले 24, दोन मिमी. 40 भागिले 6, साडेसहा मिमीच्या वर. आपल्या डोळ्याची बाहुली भर उन्हात दोन-तीन मिमी असते, अंधारात तरण्या माणसाची सातपर्यंत उघडते, पन्नाशीत पाचच्या आसपास. म्हणजे संध्याकाळी 6 वर ठेवलेला साधा 40 चा स्कोप 24 वर ठेवलेल्या भारी 50 च्या स्कोपपेक्षा उजळ दिसणार, आणि भर दुपारी दोघांत फरक कळणारच नाही. 50 वाल्यानं झूम कमी केला तर त्यालाही उजेड मिळतो, पण मग 24 चे पैसे कशाला मोजले भावा? ट्यूबचं तर उजेडाशी काही देणंघेणं नाही. एक इंचाची म्हणजे 25.4 मिमीची असो की 30 ची, जाड ट्यूबमध्ये आतल्या नळीला हलायला जागा जास्त मिळते, म्हणून टरेट (नेम हलवायचा नॉब) जास्त फिरवता येतो, लांब पल्ल्याला उपयोग. आणि 50 ची काच बंदुकीच्या नळीला टेकू नये म्हणून स्कोप धरणाऱ्या उंच रिंगा घालाव्या लागतात, मग गाल दस्त्यावर टेकत नाही, मान लांब करून बघावं लागतं. हा तोटा मेसेजात कुठं लिहिलेला नाही.

धक्क्याचा मुद्दा मात्र थेट नुकसान करणारा हाय. .22 ला आणि हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या पीसीपीला धक्का किरकोळ असतो, तिथं मेसेज चालेल. पण आपल्याकडं बहुतेकांच्या हातात असते ती नळी मोडून भरायची स्प्रिंगची एअरगन. तिच्यात ट्रिगर दाबला की जाड स्प्रिंग पिस्टनला पुढं फेकते, त्या झटक्यानं बंदूक मागं येते, आणि पुढच्याच क्षणी पिस्टन दाबलेल्या हवेवर आदळून थांबतो तेव्हा बंदूक उलटी पुढं ओढली जाते. मागं आणि पुढं, दोन्ही. साधे स्कोप मागच्या धक्क्यासाठी बांधलेले असतात, मोठ्या रायफलीवर वर्षानुवर्षं टिकलेला स्कोपही या उलट्या झटक्यानं आतून सैल होतो, क्रॉस तिरका होतो, झिरो रोज नवीन जागी. त्यामुळं स्प्रिंगवाल्यानं खोक्यावर एअरगनसाठी असं स्पष्ट लिहिलेलाच स्कोप घ्यायचा. आणि रिंगा घेताना आधी खाच बघायची, बऱ्याचशा एअरगनला आणि .22 ला 11 मिमीची डव्हटेल असते, पिकाटिनी पट्टीची रुंद रिंग तिच्यावर बसत नाही. स्प्रिंगवर स्कोप हळूहळू मागं सरकतो, म्हणून स्टॉप पिनवाला माउंट घ्या, पिन रिसीव्हरच्या (बंदुकीच्या मधल्या धडाच्या) भोकात नीट बसवा. नुसते स्क्रू मरणाचे आवळून काही होत नाही, ट्यूब मात्र चेपते.

आता पॅरलॅक्स, ज्याला मेसेज धंदा म्हणतोय. माझ्या मते छोट्या कॅलिबरच्या स्कोपमध्ये पैसे घालायचे तर पहिल्यांदा इथंच घालावेत, झूम त्याच्या नंतर. टार्गेटचं चित्र आणि क्रॉस स्कोपच्या आत एकाच पातळीवर पडले नाहीत तर डोळा जरा इकडं-तिकडं झाला की क्रॉस टार्गेटवर सरकतो. साध्या रायफल स्कोपमध्ये हे कारखान्यातनं 100 यार्डांवर, म्हणजे 91 मीटरवर जुळवून बंद केलेलं असतं. .22 साठी बनवलेल्यात बहुतेक 50 यार्डांवर, काहींत 60 किंवा 75. एअरगनच्या स्कोपला पुढच्या काचेवर किंवा बाजूला फिरणारी कडी असते, चांगल्यात ती 10 यार्डांपर्यंत खाली येते.

चूक किती पडते त्याचा ढोबळ हिशेब सोपा हाय. काचेचा अर्धा व्यास घ्या, त्याला जुळवलेलं अंतर आणि तुमचं अंतर यातल्या फरकानं गुणा, जुळवलेल्या अंतरानं भागा. 40 ची काच, 91 मीटरला जुळवलेली, तुम्ही मारताय 25 मीटरवर. 20 गुणिले 66 भागिले 91, साडेचौदा मिमी. डोळा अगदी कडेला असेल तेव्हाची ही जास्तीत जास्त चूक, पण ती एका बाजूची हाय, दुसऱ्या बाजूला तेवढीच. म्हणजे बंदूक दगडासारखी स्थिर, ट्रिगर लोण्यासारखा, तरीही जवळजवळ तीन सेंटीमीटरच्या पट्ट्यात छर्रे कुठंही. तोच .22 चा 32 काचेचा, 46 मीटरला जुळवलेला स्कोप 25 वर वापरला तर हीच चूक सात मिमीच्या आसपास येते. कडीवाला असेल आणि ती 25 वर फिरवली असेल तर जवळजवळ काहीच नाही.

विश्वास बसत नसेल तर बंदूक रिकामी हाय याची खात्री करून सँडबॅगवर टेकवा, समोर 25 मीटरवर कागद लावा, क्रॉस काळ्या ठिपक्यावर आणा आणि बंदुकीला हात न लावता फक्त डोकं डावी-उजवीकडं, वर-खाली हलवा. स्वस्तातल्या 100 यार्डवाल्या स्कोपमध्ये क्रॉस ठिपक्याच्या या कडेवरनं त्या कडेला चालत जाताना दिसतो. कडी फिरवत गेलं की एका जागी तो चिकटून बसतो. कडीवरच्या छापलेल्या आकड्यापेक्षा ही जागा खरी, कारण छपाई बऱ्याचदा दोन-चार मीटर इकडं-तिकडं असतेच. खूण करायला पांढऱ्या नेलपेंटचा ठिपका बेस्ट.

"एकदा झिरो केलं की झालं" हे वाक्य ज्यानं लिहिलं त्यानं छर्रा कसा जातो ते बघितलेलंच नाही. स्कोप नळीच्या वर चारेक सेंटीमीटर असतो, छर्रा खालनं निघतो, नजरेची रेघ कापून वर जातो आणि परत खाली येतो. 20 ज्यूलच्या आसपासची एअरगन 25 मीटरला झिरो केली तर 10 मीटरवर साधारण सेंटीमीटरभर खाली लागते आणि 40 वर चारेक सेंटीमीटर खाली, बंदूक कमजोर असेल तर त्याहून जास्त. साधी स्टँडर्ड .22 गोळी 50 यार्डांना झिरो केली तर 100 यार्डांवर सहा-सात इंच पडते. .17 एचएमआर सारखी, सेकंदाला पावणेआठशे मीटरनं जाणारी हलकी गोळी त्या मानानं सरळ जाते, आणि असले मेसेज बहुधा असल्याच वेगवान गोळ्यांच्या जोरावर लिहिलेले असतात. मिलडॉट (क्रॉसवर मापाचे ठिपके असलेला स्कोप) घेतलात तर एवढं लक्षात ठेवा, क्रॉस झूमबरोबर लहान-मोठा होत नसेल तर डॉटचं माप फक्त एकाच झूमवर खरं असतं, बहुतेक स्कोपांत सगळ्यात वरच्या. 9 वर पाठ केलेला डॉट 4 वर वापरला की छर्रा भलतीकडंच.

रानातल्या बंदोबस्ताचं तर आधी कायद्याचं बघा. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्यात पूर्वी उपद्रवी प्राण्यांची वेगळी यादी होती, उंदीर, कावळा, फळं खाणारी वटवाघळं वगैरे, ती 2022 च्या दुरुस्तीत निघाली. आता केंद्र सरकार ठरावीक भागापुरतं आणि मुदतीपुरतं जाहीर करेल तेवढंच. रानडुकरांनी उसाचा फड लोळवला की जीव जळतो हे मान्य, राधानगरी-भुदरगडच्या माणसाला गव्याबद्दल मी काय सांगणार, पण वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय बंदूक उचलली की शेतकरीच आरोपी. पीक राखायला म्हणून शस्त्र कायद्यात उल्लेख हाय तो ठासणीच्या बंदुकीचा, तिला कुठला 6-24 लावताय. 4.5 मिमी आणि 20 ज्यूलच्या आतली एअरगन लायसन्सशिवाय मिळते, म्हणून तिनं पारवे आणि मोर टिपायची मुभा मिळाली असं नाही. डुकरावर एअरगन म्हणजे नुसतं जखमी जनावर अंगावर घेणं.

मग घ्यायचं काय. 10 ते 40 मीटर कागद किंवा डबे मारणार असाल तर कडीवाला, 10 यार्डांपर्यंत येणारा 3-9x40 किंवा 4-12x40, स्प्रिंग असेल तर एअरगनसाठी लिहिलेला. लायसन्सची .22 असेल आणि 50 मीटरच्या आसपासच मारणार असाल तर 50 यार्डांचा साधा 3-9 पुष्कळ झाला. टेबलावरनं शंभर मीटरला ग्रुप (गोळ्यांचा घोळका) लहान करायचा छंद असेल तर खुशाल 24 घ्या, तिथं त्याचा उपयोग हाय.

दुकानातनं आणल्यावर एक करा. 25 मीटरवर मोठा कागद लावा, मधल्या एकाच ठिपक्यावर नेम धरून तीन छर्रे मारा. मग टरेट 20 क्लिक वर, तीन छर्रे, 20 उजवीकडं, तीन, 20 खाली, तीन, 20 डावीकडं, परत तीन. नेम सगळा वेळ त्याच मधल्या ठिपक्यावर. पाव एमओएचा (एमओए म्हणजे कोनाचं बारीक माप) एक क्लिक 25 मीटरला 1.8 मिमी हलवतो, म्हणजे कागदावर साडेतीन सेंटीमीटरचा चौकोन यायला पाहिजे आणि शेवटचे तीन पहिल्या तिनाच्या अंगावर. चौकोन वाकडा आला किंवा शेवटचे परत घरी आले नाहीत तर आधी रिंगांचे स्क्रू तपासून परत मारा. तरी तेच असेल तर बिल घेऊन दुकान गाठा, स्कोपवर 24 लिहिलंय की 240 ते सोडा.