चीनची दारू केवळ शोभेची नव्हती

दिवाळीच्या तोंडावर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एक मजकूर यंदा माझ्या भाचीच्या वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात जसाच्या तसा उतरला, म्हणून त्याचा समाचार घेणे भाग आहे. मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे: चिनी लोकांनी बंदुकीची दारू शोधली, पण फटाक्यांपलीकडे तिचा उपयोग त्यांना सुचला नाही, होकायंत्र शोधले, ते घराची जागा पाहण्यापुरते वापरले, छपाई शोधली, ती लाकडी ठशांवरच थांबली, या सगळ्याचे चीज युरोपने केले.

पहिले विधान साफ खोटे आहे. चीनवर राज्य करणाऱ्या सोंग घराण्याच्या दरबाराच्या आज्ञेने इ. स. १०४४ मध्ये 'वूजिंग झोंगयाओ' हा युद्धशास्त्राचा ग्रंथ सिद्ध झाला. त्यात दारूच्या तीन कृती आहेत आणि त्यांपैकी एकही फटाक्याची नाही. दोन कृती आग लावणाऱ्या गोळ्यांच्या आहेत, तिसरी विषारी धुराच्या गोळ्याची आहे. या तिसऱ्या कृतीत सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या जोडीला बचनाग, जमालगोटा आणि सोमल घालायला सांगितले असून, तो धूर ज्याला लागेल त्याच्या नाकातोंडातून रक्त येते, असेही नोंदवले आहे. हा एक ग्रंथ उघडून पाहिला असता, तरी तो मजकूर कोणी पुढे पाठवला नसता.

हे ज्ञान कागदावरही राहिले नाही. ११३२ मध्ये दआन शहराच्या वेढ्यात रक्षकांनी लांब बांबूंना दारूची जोड देऊन अग्निभाले बनवले आणि दोघादोघांनी मिळून एकेक भाला चालवला. पुढे शंभर वर्षांनी, १२३२ मध्ये, मंगोलांनी उत्तर चीनमधील जिन राज्याच्या कायफंग या राजधानीला वेढा घातला. बैलाच्या कातड्याच्या छताआड राहून त्यांचे सैनिक तटाला भिडले आणि तट पोखरू लागले. वरून काही केल्या त्यांना इजा होईना. तेव्हा रक्षकांनी दारूने भरलेली लोखंडी भांडी साखळ्यांनी तटावरून खाली सोडली. माणसे आणि कातडे यांच्या चिंधड्या उडाल्या, मागमूसही उरला नाही, असे जिन राज्याचा अधिकृत इतिहास सांगतो. ज्यांनी हे सोसले आणि ज्यांनी हे घडवले, त्या सर्वांना फटाके उडवणारे भोळे लोक ठरवणे हा त्यांच्या बुद्धीचा आणि त्यांच्या मरणाचाही अपमान आहे.

काळाचा हिशेबही पाहावा. मंगोल सम्राटांची उन्हाळी राजधानी असलेल्या शांगदूच्या परिसरात सापडलेल्या काशाच्या हाततोफेवर १२९८ सालाचा लेख कोरलेला आहे, तर युरोपातील तोफेचे सर्वांत जुने ज्ञात चित्र १३२६ चे आहे. सोंग काळात शोभेची दारूही उडवली जात असे, हे खरे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज तोफा सरस ठरल्या आणि तेव्हाच्या चीनच्या मिंग दरबाराने तशाच तोफा ओतून घेतल्या, हेही नाइलाजाने मान्य करावे लागते. परंतु पुढच्या काळात मागे पडणे निराळे आणि मुळात उपयोगच न कळणे निराळे.

होकायंत्राविषयी फार लिहिण्याची गरज नाही. जागेची दिशा ठरवण्यासाठी ते वापरत, हे अर्धसत्य आहे. रात्री तारे, दिवसा सूर्य आणि आभाळ भरून आले की दक्षिण दाखवणारी सुई पाहून तांडेल जहाज हाकतात, असे सोंगकालीन लेखक झू यू याने १११९ च्या सुमारास लिहून ठेवले आहे. १४०५ साली निघालेले मिंग दरबाराचा दर्यासारंग झेंग ह याचे आरमार पहिल्याच सफरीत थेट आपल्या कालिकतला पोहोचले होते.

छपाईबाबत मजकूर लिहिणाऱ्याला बी शेंग हे नावच ठाऊक नसावे. १०४० च्या दशकात त्याने एकेका अक्षराचे मातीचे सुटे खिळे कोरून भाजले. लोखंडी पत्र्यावर राळ आणि मेण पसरून त्यावर तो खिळे जुळवी, पत्रा तापवून ते पक्के बसवी, आणि एका पत्र्यावरून छपाई चालू असताना दुसऱ्यावर पुढचा मजकूर जुळवला जाई. त्याचा समकालीन विद्वान शेन कुओ याने हे सर्व बारकाईने नोंदवले आहे. लाकडी ठशांची छपाई त्यानंतरही अधिक चालली, हे खरे. पण त्याचे कारण अडाणीपणा नव्हते. हजारो अक्षरचिन्हांचे खिळे घडवून ते सांभाळण्यापेक्षा पुस्तकाच्या कोरलेल्या फळ्या जपून ठेवणे आणि मागणी येईल तशा प्रती काढणे तेथील छापणाऱ्यांना स्वस्त पडत होते.