मदतीने वाटोळं झालं, हे मोजलं कोणी?

परकीय मदतीबद्दलचा एक मजकूर अधूनमधून नव्याने फिरू लागतो. सारांश असा: श्रीमंत देशांनी आफ्रिकेत एक लाख कोटी डॉलर ओतले, तरी आफ्रिका आणखी गरीब झाली. फुकटच्या मच्छरदाण्यांनी लोक मासे पकडतात, फुकटच्या धान्याने तिथला शेतकरी बुडतो, रोख पैसे दारूत जातात. म्हणून मदत बंद करणं हेच खरे उपकार.

यातलं सगळंच खोटं असतं, तर उत्तर द्यायची गरज नव्हती.

मच्छरदाण्यांपासून सुरुवात करू. त्यांनी मासेमारी होते. टांगानिका सरोवराच्या काठच्या गावांत ती पाहणीत आढळली आहे, आणि बारीक जाळीत पिल्लंही अडकत असल्याने ते काळजीचंच आहे. पण त्यावरून 'फुकट दिलं की लोकांना किंमत राहत नाही' हा निष्कर्ष काढायचा, तर तो तपासता येतो. जेसिका कोहेन आणि पास्कलिन द्युपा या अर्थतज्ज्ञांनी केनियात तो तपासला. गरोदर बायकांना काही दवाखान्यांत मच्छरदाणी फुकट मिळाली, काही ठिकाणी अल्प किमतीत. कुठे काय, हे सोडतीने ठरलं. किंमत शून्यावरून 60 सेंटवर गेली, तर शंभरामागे साठ बायका कमी नेतील असा हिशोब निघाला. आणि विकत नेणाऱ्या बायका फुकट नेणाऱ्यांपेक्षा ती जास्त वापरतात, असं काही दिसलं नाही. 2000 ते 2015 या काळात आफ्रिकेत मलेरियाची सुमारे 66 कोटी आजारपणं टळली आणि त्यातली दोन-तृतीयांश मच्छरदाण्यांमुळे, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. मजकुराबरोबर फोटो मात्र सरोवराचाच येतो.

लाख कोटींच्या आकड्याला साधा भागाकार पुरतो. पन्नास वर्षं आणि सरासरी पन्नास कोटी माणसं धरली, तर माणशी वर्षाला 40 डॉलर. त्यातही बराच पैसा विकासासाठी नव्हताच. झाईरचा (आजचं काँगो लोकशाही प्रजासत्ताक) हुकूमशहा मोबुटू याला पाश्चात्त्य देशांना शीतयुद्धात आपल्या गोटात ठेवायचं होतं. दिलेली कर्जं परत येणार नाहीत, असं नाणेनिधीने पाठवलेल्या एर्विन ब्लूमेंथाल यांनी 1982 मध्ये लिहून दिलं, तरीही कर्जं चालूच राहिली. आणि 'आणखी गरीब' म्हणजे काय? सहाराच्या दक्षिणेकडच्या देशांत 1990 मध्ये हजारातली सुमारे 180 मुलं पाच वर्षांची होण्याआधी दगावत; 2020 पर्यंत हा आकडा 75 च्या आसपास आला. याचं सगळं श्रेय मदतीला द्या, असं मी म्हणत नाही. पण मदत मुळात जिथे हाल असतात तिथेच जाते. ती आली नसती तर काय झालं असतं, याचा अंदाज बांधल्याशिवाय दोष किंवा श्रेय कुणालाच देता येत नाही.

धान्याचा मुद्दा या मजकुरातला सर्वात वजनदार. हैतीने 1990 च्या दशकाच्या मध्यात तांदळावरचं आयातशुल्क 3 टक्क्यांपर्यंत उतरवलं, अमेरिकेचा अनुदानित तांदूळ आला आणि तिथला शेतकरी कोलमडला. हे धोरण चुकलं, अशी कबुली त्या काळात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष असलेले आणि मूळचे आर्कान्सा राज्यातले बिल क्लिंटन यांनी 2010 मध्ये सिनेटच्या समितीपुढे दिली. फायदा झालाच असेल तर आपल्या आर्कान्सातल्या काही शेतकऱ्यांना, असंही ते म्हणाले. पण हा मुख्यतः व्यापाराचा दबाव होता. मदत म्हणून आलेल्या धान्याचं चित्र एवढं सरळ नाही. इथिओपियात गहू विकणाऱ्या कुटुंबांपेक्षा गहू विकत घेणारी कुटुंबं सरासरीने जास्त गरीब आहेत, असं जेम्स लेविनसन आणि मार्गरेट मॅकमिलन यांना आढळलं. भाव पडले तर कुणाचं नुकसान, हे आधी बघावं लागतं.

त्याहून गंभीर आरोप 2014 मध्ये झाला. नेथन नन आणि नॅन्सी चिएन यांनी दाखवलं की अमेरिकेत गहू जास्त पिकला की पुढच्या वर्षी धान्यमदत वाढते आणि ती नेहमी घेणाऱ्या देशांत यादवी वाढते. निष्कर्ष खूप गाजला. नंतर पॉल ख्रिश्चन आणि ख्रिस्तोफर बॅरेट यांनी तीच आकडेवारी उलगडली. अमेरिकेचा गहू आणि जगातली यादवी यांचे दशकांचे चढउतार योगायोगाने जुळत होते; ते बाजूला काढल्यावर मूळ निष्कर्ष टिकेना. एवढ्या काळजीने केलेलं मोजमापही फसतं, तर फॉरवर्डचं काय बोलायचं?

दारूचा मुद्दा लवकर संपतो. रोख मदतीच्या 19 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं त्यात दिसलं नाही.

आता मजकुरात नसलेलं, पण खरोखर भयंकर प्रकरण. गढूळ पाण्याने मुलं मरतात म्हणून 1970 च्या दशकापासून बांगलादेशात युनिसेफच्या मदतीने कूपनलिका खोदल्या गेल्या. पाण्यात आर्सेनिक असेल, हे कुणी तपासलं नाही. 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेतल्या लेखात याला इतिहासातली सर्वात मोठी सामूहिक विषबाधा म्हटलं गेलं. मदतीवर टीका करायची तर इथून करा: कार्यक्रमाने विहिरी मोजल्या, पाण्यात आणखी काय आहे ते पाहिलं नाही. आजही बहुतेक मूल्यमापनांत हेच होतं. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेने केलेल्या मूल्यमापनाच्या व्याख्येत अनपेक्षित परिणाम पाहणं येतं, पण मूल्यमापकाला काम देते ती मदत देणारी संस्थाच, आणि कार्यक्रमाची उद्दिष्टं साधली का, एवढंच विचारते. शेजारच्या गावात काय झालं, हे त्याच्या कामात बसत नाही.

राहिलं 'बंद करा'. बंद करण्याचेही अनपेक्षित परिणाम असतात. आर्सेनिकच्या भीतीने जवळची कूपनलिका सोडणाऱ्या घरांत बालमृत्यू वाढले, असं पुढे एका अभ्यासात दिसलं; लांबून आणून साठवलेलं पाणी दूषित होत होतं. आणि 2025 च्या फेब्रुवारीत अमेरिकेने मदत आटोपती घेताना डीएचएस या सर्वेक्षणांचा कार्यक्रमही थांबवला. 1984 पासून सुमारे 90 देशांत घरोघरी जाऊन बालमृत्यू, लसीकरण, मच्छरदाण्यांचा वापर नोंदवणारी ही सर्वेक्षणं. दुसऱ्या देणगीदारांनी काही भाग तात्पुरता सावरला. मदत गेल्याने काय बिघडलं किंवा सुधारलं, हे कळायचं ते मुख्यतः याच नोंदींतून.