‘ताईसाहेब’ म्हणणाऱ्या वाचकांना

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की स्वतःची ओळख स्वतःच घडवायच्या मागं लागून माणूस दमून जातो. त्यापेक्षा देवानं जी दिलीय ती स्वीकारावी, म्हणजे आपण त्याचं लेकरू आहोत, एवढीच. त्यावर कराडच्या एका वाचकांनी लिहिलंय : “ताईसाहेब, दोन वेळची भाकरी निवांत मिळाली की असले विचार सुचतात. साताऱ्यातल्या नकुशी देवाची वाट बघत बसल्या असत्या तर आजही नकुशीच राहिल्या असत्या. त्यांनी आपली ओळख स्वतः घडवली. आणि ओळख देव देतो तर जातही त्यानंच दिली का, तेही सांगून टाका.” खाली दोन-तीन ओळी कर्तृत्वावर आहेत आणि साल चुकल्याचं दाखवलंय.

सालाचं आधी. तुमचं बरोबर आहे. नकुशी म्हणजे मुलगा हवा असताना झाल्या म्हणून ‘नको असलेली’ असं नाव ठेवलेल्या मुली. त्यांच्या नामकरणाचा कार्यक्रम साताऱ्यात ऑक्टोबर २०११ मध्ये झाला, मी २०१२ लिहिलं होतं. २८५ मुलींना नवीन नावं मिळाली, तो आकडा बरोबर होता. साल दुरुस्त केलंय. आभार.

आता ‘ताईसाहेब’. हा शब्द आपल्या भागात मानानं वापरतात आणि टोचायलाही वापरतात, आणि तुम्ही तो कशासाठी वापरलाय हे पुढच्या भाकरीवरून कळतं. मतभेद असू दे. पण ज्या बाईच्या घरची चूल तुम्ही कधी बघितली नाही, तिची भाकरी तुम्ही कुठल्या तोंडानं मोजता?

मोजायचीच असेल तर मोजा. माझं गाव माण तालुक्यातलं. वडील मुंबईत माथाडी कामगार, गावी यायचे आषाढात आणि गणपतीला. आम्ही चार बहिणी, मी चौथी. माझं नाव काय ठेवलं असेल ते तुम्हाला सांगायला नको. मागच्या लेखात मी हे लिहिलं नाही, कारण मला कुणाची दया नको होती. आज तुमच्यामुळं लिहितेय. शाळेच्या दाखल्यावर निळ्या शाईनं ‘नकुशी’ असं लिहिलेलं आहे, आणि हजेरी घेताना गुरुजी त्या नावापाशी जरासे थांबायचे. रागवायचे नाहीत, हसायचे नाहीत, नुसते थांबायचे. ते थांबणं मला सातवीपर्यंत रोज ऐकायला लागलं. तेव्हा घरात भाकरी असायची, पण निवांत नसायची.

तुम्ही म्हणता, त्या मुलींनी स्वतःची ओळख घडवली. दादा, मी ते करून बसलेय. त्या कार्यक्रमाच्या दहा वर्षं आधी, बाविसाव्या वर्षी, पुण्यात एका दुकानाच्या काउंटरवर उभी राहून साठवलेल्या पैशातून प्रतिज्ञापत्र केलं, राजपत्रात नाव छापून आणलं. सिनेमातलं नाव घेतलं. बोलणं बदललं, ‘न्हाई’चं ‘नाही’ केलं, गावाचं नाव विचारलं की नुसतं ‘सातारा’ म्हणायला लागले. मला वाटलं, आता मी माझी झाले.

त्याच वर्षी वडील मला भेटायला स्वारगेटला आले. हातात बाजरीची पिशवी. गर्दीत मी दिसेना म्हणून त्यांनी हाक मारली, “नकू, ए नकू!” माझ्याबरोबर दुकानातली मैत्रीण होती. मी वळले नाही. पाठमोरी उभी राहून बसच्या पाट्या वाचत राहिले. त्यांनी तीनदा हाक मारली. मग मैत्रीण गेली तेव्हा मी त्यांच्याकडं गेले, आणि ते म्हणाले, “ऐकू आलं नसंल, गलका लई हाय.” त्यांना सगळं कळलं होतं. ही किंमत असते हो स्वतः घडवलेल्या ओळखीची, आणि ती बहुतेक वेळा दुसराच कुणीतरी भरतो.

नाव बदलू नये असं मी कधीच म्हटलं नाही. बदलावंच. ‘नकुशी’ हे देवानं ठेवलेलं नव्हतं, माणसांनी ठेवलेलं होतं, आणि माणसांनी केलेली घाण माणसांनीच काढायची असते. पण मी घेतलेलं नावसुद्धा माणसानंच दिलेलं होतं, म्हणजे मीच. ते सारखं टिकवायला लागायचं, आणि कुणी जुन्या नावानं हाक मारली की पायाखालची जमीन सरकायची.

वडील गेल्यावर त्यांच्या जागी मी वारीतल्या सेवेला जायला लागले. पादुकांचं नीरास्नान होऊन पालखी आपल्या जिल्ह्यात येते, मग लोणंदला मुक्काम. तिथं आम्ही वारकऱ्यांचे पाय शेकतो, तेल लावतो. परभणीकडची एक म्हातारी समोर बसली होती, टाचेला बोट जाईल एवढी भेग. ती मला “माउली, माउली” करत होती. मी तिला माझं नाव सांगितलं. परत “माउली”. मी परत सांगितलं, जरा चिडूनच. ती म्हणाली, “असंल बाई, तेबी असंल. माउली, तेवढी टाच दाब.”

मी टाच दाबली. त्या रात्री मला कितीतरी वर्षांनी गाढ झोप लागली. तुम्ही याला निवांतपणा म्हणत असाल तर म्हणा.

कर्तृत्वाबद्दल एकच. आपल्याच आरफळचे हैबतबाबा शिंद्यांच्या पदरी सरदार होते. माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचं रूप त्यांनी दिलं, याहून मोठं कर्तृत्व कुठलं? पण आळंदीत त्यांची ओळख सरदार म्हणून नाही, माउलींच्या देवळाची पायरी म्हणून आहे. लोक तिच्यावर डोकं टेकवतात.

आणि जात. ती देवानं दिली असं मी कुठं लिहिलंय ते वाक्य दाखवा. चोखोबांना देवळाबाहेर देवानं ठेवलं नव्हतं. वादासाठी वाद घालायला मला वेळ नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुन्हा लिहा, पाहिजे तितकं कडक लिहा. फक्त ‘ताईसाहेब’ नको. ताई म्हणा. नकू म्हटलंत तरी आता मी वळून बघीन.