‘पाच वर्षे झाली, आता डागांची काळजी नको’: एका फसव्या दिलाशाचा प्रतिवाद

स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या स्त्रियांसाठी म्हणून एक मजकूर हातोहात पुढे पाठवला जात आहे. उपचारांना पाच वर्षे झाली की धोका संपतो, पाळी गेल्यानंतर दिसणारे लाल डाग उष्णतेचे समजावेत, पॅप तपासणी चांगली आली असेल तर गर्भाशयाची चिंता नको आणि बायॉप्सीने झोपलेला कर्करोग जागा होतो, असे त्यात म्हटले आहे.

पाच वर्षे हा आकडेवारीचा टप्पा आहे, अभयपत्र नव्हे. संप्रेरकांवर वाढणारा स्तनाचा कर्करोग त्यानंतरही उलटू शकतो.

डागांचा मुद्दा अधिक गंभीर आहे. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर अंगावरून जाणारे रक्त, मग तो एकच डाग का असेना, तपासलेच पाहिजे. अशा शंभर स्त्रियांपैकी साधारण नऊ जणींतच गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघतो आणि इतरांत बहुधा कोरडेपणा किंवा पॉलिप, म्हणजे अस्तरावरची मांसल वाढ, असते, हे खरे. पण हा कर्करोग झालेल्या सुमारे 90 टक्के स्त्रियांना रक्तस्राव होतो, हेही तितकेच खरे. त्यातच, स्तनाच्या कर्करोगासाठी दिली जाणारी आणि स्तनात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाला अडवणारी टॅमॉक्सिफेनची गोळी गर्भाशयाच्या अस्तरावर मात्र इस्ट्रोजेनसारखीच वागते. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत, पन्नाशी गाठलेल्या स्त्रियांत ही गोळी घेणाऱ्यांना या कर्करोगाचा धोका सुमारे चौपट आढळला, म्हणजे वर्षाला हजारी एकाहून कमी असलेले प्रमाण तीनवर गेले. एवढ्यावरून गोळी आपल्या मनाने बंद करू नये, कारण बहुतेकींच्या बाबतीत तिचा फायदा या धोक्याहून मोठा असतो. मात्र ती पूर्वी घेतली असेल तरी डॉक्टरांना आवर्जून सांगावे, न विचारताच.

पॅप तपासणीत गर्भाशयमुखाच्या पेशी पाहतात, आतल्या अस्तराच्या नव्हे. सोनोग्राफीत अस्तर 4 मिलिमीटर किंवा त्याहून पातळ दिसले तर एरवी बराच दिलासा मिळतो, परंतु टॅमॉक्सिफेनमुळे अस्तराखालचा थर फुगून जाडी फसवी दिसू शकते, म्हणून रक्त जात असेल तर नुसत्या मापावर विसंबता येत नाही.

राहिली बायॉप्सी. बारीक नळीने अस्तराचा नमुना घेण्याचे हे काम बहुधा काही मिनिटांत होते, पाळीतल्यासारखी कळ येते आणि त्याने कर्करोग जागा होतो याला काहीही आधार नाही. नमुना निर्दोष येऊनही रक्त पुन्हा गेले, तर तोच अहवाल दाखवून समाधान मानण्याऐवजी दुर्बिणीने गर्भाशय आतून पाहण्याविषयी डॉक्टरांना विचारावे.